यंत्रमुनीम ठेवताना : वेळापत्रक, तपासणी आणि देखभाल

दुकानात मुनीम ठेवावयाचा झाला तर आपले वडीलधारे दहा ठिकाणी चौकशी करीत. माणूस कोणाकडचा, आधीची पेढी का सोडली, रोजमेळ रोजच्या रोज मिळवितो की आठवड्याने, आणि गल्ल्याची किल्ली त्याच्या हाती किती दिवसांनी द्यावी, हे सारे विचारले जाई. आज संगणकावर काम करणारा मुनीम विकत मिळतो. तो विकणारा तरुण लॅपटॉप उघडतो, पाच मिनिटांत पन्नास बिले आपोआप भरून दाखवितो, आणि आपले व्यापारी बंधू एकही चौकशी न करता त्याला जीएसटीचा व बँकेचा पासवर्ड देऊन मोकळे होतात. हा व्यवहार धोक्याचा आहे. यंत्रमुनीम ठेवू नये असे मुळीच नाही; पण त्याच्यावर कारभार कसा चालवावा हे माहीत करून घेतल्याशिवाय ठेवू नये.

या मुनिमास इंग्रजीत रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन, थोडक्यात आरपीए, असे नाव आहे. ‘रोबोट’ म्हटल्याबरोबर लोखंडी हातपाय डोळ्यांपुढे आणू नयेत. ही एक संगणक आज्ञावली आहे. माणूस पडद्यासमोर बसून जे करतो तेच ती करते : फाईल उघडणे, त्यातील आकडे वाचणे, टॅलीत नोंद टाकणे, थकबाकीची यादी तयार करणे, ई-मेल पाठविणे. तिला स्वतःची अक्कल नाही. शिकविले तेवढेच ती करते. मात्र कंटाळत नाही आणि जेवणाची सुटी मागत नाही.

नाशिककरांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. ललित कनोडिया यांनी १९७५ साली मुंबईत स्थापन केलेल्या डेटामॅटिक्स या कंपनीचे नाशिकमध्ये मुंबई–आग्रा रस्त्यावर कार्यालय आहे, आणि ‘ट्रूबॉट’ नावाची आरपीए प्रणाली याच कंपनीची आहे. तिचे मुख्य तीन भाग आहेत. ‘डिझायनर’मध्ये रोबोटला काम शिकवितात. ‘स्टेशन’ म्हणजे रोबोट प्रत्यक्ष काम करतो ती जागा. ‘कॉकपिट’मधून सगळा कारभार पाहतात : कोणता रोबोट किती वाजता चालावा, काल त्याने काय केले, कोणाला कशाची परवानगी आहे. रुमानियात जन्मलेल्या युआयपाथ कंपनीच्या प्रणालीत याच भागाला ‘ऑर्केस्ट्रेटर’ म्हणतात. नावे वेगळी, विभागणी तीच. विकणारा आपल्याला दाखवितो तो पहिला भाग. पैसा वाचतो किंवा बुडतो तो तिसऱ्या भागात. म्हणून आजचा धडा तिसऱ्या भागाचा.

वेळापत्रक

उदाहरणादाखल मालेगावचा एक ठोक कापड व्यापारी घेऊ. रोज संध्याकाळी दुकानातील मुलगा बँकेचा उतारा उतरवून घेतो व ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. (ओटीपी मालकाच्या मोबाईलवर येतो, तो माणसाच्याच हाती राहावा, म्हणून हे काम रोबोटला दिलेले नाही.) रात्री नऊ वाजता रोबोट तो उतारा उघडतो, आलेली रक्कम कोणत्या बिलापोटी आहे ते जुळवितो आणि टॅलीत जमा नोंद टाकतो. सकाळी थकबाकीची यादी तयार असते, आणि ज्यांची मुदत उलटली त्यांना आठवणीचा ई-मेल गेलेला असतो.

आता एखाद्या दिवशी तो मुलगा लग्नाला गेला. फोल्डरमध्ये आजचा उतारा नाही, कालचाच पडून आहे. घड्याळात नऊ वाजले की रोबोट उठणारच. तो कालचा उतारा पुन्हा वाचील आणि कालच्या सगळ्या रकमा दुसऱ्यांदा जमा करील. ज्याच्याकडून वीस हजार येणे आहेत त्याचे खाते चुकते दिसेल, आणि आपण मागायचे विसरून जाऊ. कोणी चोरी केली नाही, यंत्र बिघडले नाही, तरी पैसा गेला.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही लागतात. पहिला, रोबोट केवळ घड्याळावर चालवू नये. आजच्या तारखेचा उतारा फोल्डरमध्ये आला तरच त्याने उठावे, आणि ठरलेल्या वेळेपर्यंत आला नाही तर मालकाला संदेश द्यावा. दुसरा अधिक महत्त्वाचा. बँकेतून ऑनलाईन होणाऱ्या भरण्याला यूटीआर क्रमांक असतो. नोंद टाकण्याआधी हा क्रमांक टॅलीत आहे काय, हे रोबोटने पाहावे. असेल तर ती रक्कम सोडून द्यावी. ही एक अट घातली की रोबोट एकदा चालवा नाहीतर दहादा चालवा, नोंद एकच होते. मध्येच वीज गेली व काम अर्धवट राहिले तरी पुन्हा सुरू करायला भीती राहत नाही. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा : “हाच रोबोट लागोपाठ दोनदा चालवून दाखव.” तो गडबडला तर चहा पाजून निरोप द्यावा.

वेळ ठरविताना बाहेरच्या जगाची वेळही पाहावी लागते. खरेदीवरील कराच्या वजावटीसाठी लागणारे जीएसटीआर-२बी हे विवरण पुढील महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. रोबोटला १२ तारखेस ते आणायला सांगितले तर तो रिकाम्या हाताने येईल, किंवा मागील महिन्याचे घेऊन येईल, आणि हे दुसरे अधिक वाईट. दरमहा विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ची मुदत ११ तारखेची व ३बीची २० तारखेची. शेवटच्या दिवशी सरकारी पोर्टलवर किती गर्दी होते हे प्रत्येक कर सल्लागार जाणतो. तयारीचे काम दोन-तीन दिवस आधी लावावे. भरणा व सही माणसाने करावी.

सुट्यांचा प्रश्न आपल्या समाजाला विशेष जवळचा. बहुतेक प्रणालींत वर्षाच्या सुट्यांची यादी एकदाच भरून ठेवतात. पण आपले सण चंद्रावर, आणि सरकारी सुटीही हलते. २०२३ साली ईद-ए-मिलाद व अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरले आणि राज्य सरकारने सुटी २९ तारखेला दिली. २०२४ साली मुंबई शहर व उपनगरांत हीच सुटी १६ सप्टेंबरऐवजी १८ सप्टेंबरला झाली. जानेवारीत यादी भरून ठेवलेल्या रोबोटला हे कोण सांगणार? शिवाय दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. ईदुल फित्रच्या सकाळी जुन्या गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर ‘मुबारक’ऐवजी उधारीचा तगादा जाऊन पडला तर वीस वर्षांचा संबंध तुटायला तेवढे पुरते. सुट्यांची यादी दर महिन्याच्या अखेरीस, रमजान व शव्वालचे चाँद दिसताच त्याच रात्री, एका ठरलेल्या माणसाने तपासावी. जुम्याच्या नमाजसाठी दुकान बंद असते त्या वेळेतही, कोणी पाहायला नसताना, पैशाच्या नोंदी करणारे काम लावू नये असे माझे मत आहे.

एक अगदी साधी गोष्ट राहून जाते. पडद्यावर बटणे दाबणारा रोबोट कुलूपबंद पडद्यावर अडून बसतो. माणसाशिवाय रात्री चालणाऱ्या रोबोटसाठी वेगळी व्यवस्था व वेगळे लायसन्स लागते. विंडोज रात्रीच स्वतःला अद्ययावत करून संगणक बंद-चालू करते, तीही वेळ टाळावी. आणि दोन कामे एकाच वेळी एकच टॅली उघडणार नाहीत इतके अंतर त्यांच्यात ठेवावे.

थांबणारी चूक व न थांबणारी चूक

मालेगावच्या कारागिरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. साध्या यंत्रमागावर आडवा धागा, म्हणजे बाणा, तुटला की माग आपोआप थांबतो. परंतु ताण्यातील उभा धागा तुटला तर साधा माग थांबत नाही. तो तसाच खटखट चालत राहतो आणि वारंवार दोष पडलेले कापड विणत जातो. म्हणून मागाजवळ डोळस माणूस लागतो.

रोबोटचेही असेच आहे. फाईल सापडली नाही, इंटरनेट बंद पडले, तर तो थांबतो. ही चूक दिसते. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करण्याची सूचना त्याला देता येते, तीन वेळा करून जमले नाही तर त्याने कळवावे. पण समजा, गिऱ्हाइकाने १०,५०० रुपयांच्या बिलापोटी १०,००० पाठविले. येथे पुन्हा प्रयत्न करून काही होणार नाही. हा माणसाने ठरवायचा मामला आहे : सूट दिली काय, माल परत आला काय, की बाकी राहिली? अशी रक्कम रोबोटने अंदाजाने कोठेतरी बसवू नये. ती ‘मालकाकडे’ अशा वेगळ्या रांगेत ठेवावी. ज्या रोबोटच्या कामात अशी रांगच नाही आणि जो रोज शंभर टक्के काम पूर्ण झाल्याचे सांगतो, त्याच्याकडे संशयाने पाहावे. धंद्यात शंभर टक्के कधीच जुळत नाही.

तपासणी

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, आणि रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये, ही शिकवण पवित्र कुरआनच्या सूरह बकरहमधील २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत आहे. आपल्या बहुतेकांनी ती ऐकलेली असते. लिहिणारा यंत्र झाला म्हणून त्यातील एकही अट सैल होत नाही. उलट साक्षीदाराची गरज वाढते, कारण यंत्राला शपथ घालता येत नाही.

रोबोटच्या दोन वह्या असतात, आणि त्यांत गल्लत होऊ देऊ नये. पहिली वही रोबोटने काय केले त्याची : किती वाजता उठला, कोणती फाईल वाचली, कोणती नोंद टाकली, कोठे अडला. दुसरी वही माणसांनी रोबोटचे काय केले त्याची : वेळापत्रक कोणी बदलले, शिकवण कोणी बदलली, पासवर्ड कोणी नवा घातला, कोणी नोंदी पुसल्या. पहिली वही बहुतेक सर्व प्रणालींत असते. दुसरीविषयी आपण विचारीत नाही, आणि भांडण लागते ते नेमके तिच्यावरून.

ब्रिटनमध्ये जे घडले ते लहान दुकानदारांनी मुद्दाम समजून घ्यावे. तेथे टपाल कचेऱ्या पुष्कळदा किराणा दुकानातच चालतात व दुकानदारच सब-पोस्टमास्तर असतो. त्यांत भारत-पाकिस्तानातून गेलेली कुटुंबे पुष्कळ. १९९९ पासून पोस्ट ऑफिसने फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ ही संगणक प्रणाली बसविली. हिशेबात तूट दिसू लागली. दुकानदार म्हणत, आम्ही पैसा घेतला नाही. संगणक म्हणे, तूट आहे. आणि न्यायालयाने संगणकावर विश्वास ठेवला. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोकांना अशा पुराव्यावर दोषी ठरविण्यात आले. सरे परगण्यातील सीमा मिश्रा यांना २०१० साली, त्या गरोदर असताना, पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. कित्येकांनी तूट भरून काढण्यासाठी घरे विकली, काहींनी जीव दिला. अॅलन बेट्स व त्यांच्या साथीदारांच्या दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचे मान्य केले. दुकानदाराला पत्ता न लागता बाहेरून त्याच्या हिशेबात बदल करता येत होता, हेही सिद्ध झाले. २०२१ साली मिश्रा निर्दोष ठरल्या. २०२४ साली ब्रिटनच्या संसदेने कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा रद्द केल्या.

त्या दुकानदारांजवळ दुसरी वही नव्हती. आपल्या खात्यात कोणाचा हात लागला हे दाखविण्याचे साधनच त्यांच्या हाती नव्हते. आपल्याकडेही जीएसटीची नोटीस येते ती ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्या व्यापाऱ्याला. रोबोट बनविणाऱ्याला नाही, आणि रोबोटलाही नाही.

म्हणून टॅलीत रोबोटसाठी वेगळे नाव उघडावे. मालकाच्या नावाने त्याला काम करू देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही देणे होय. वेगळ्या नावामुळे कोणती नोंद यंत्राची व कोणती माणसाची हे वर्षानंतरही सांगता येते. त्या नावाला नोंद टाकण्याची परवानगी असावी, जुनी नोंद खोडण्याची नसावी. ज्याने रोबोट बनविला त्याच्या हाती वही पुसण्याचा अधिकार ठेवू नये. टॅली प्राइममध्ये ‘एडिट लॉग’ची सोय आहे, तीत नोंद कोणी व केव्हा बदलली ते राहते. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना अशी न बंद करता येणारी सोय असलेलीच आज्ञावली वापरण्याचे बंधन १ एप्रिल २०२३ पासून आहे. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला किंवा साध्या भागीदारीला हे बंधन नाही, परंतु सोय सर्वांनी वापरावी. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाचे दप्तर वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागते. रोबोटच्या वह्या मात्र पुष्कळ ठिकाणी काही दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. ही मुदत किती ठेवली आहे ते पाहावे व दर महिन्याची वही वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी.

रोजची तपासणी पाच मिनिटांची असते. उताऱ्यात किती रकमा आल्या, किती नोंदल्या, किती मालकाच्या रांगेत गेल्या : दोन्हींची बेरीज पहिल्या आकड्याशी मिळाली पाहिजे. तसेच रुपयांची बेरीज. संख्या मिळून रुपये मिळत नसतील तर आकडा वाचण्यात चूक आहे. आठवड्यातून एकदा कोणत्याही दहा नोंदी काढून बिलाशी हाताने ताडून पाहाव्या, आणि हे काम रोबोट सांभाळणाऱ्याने न करता दुसऱ्याने करावे. ताडण्याचा आधार नेहमी बाहेरचा असावा, म्हणजे बँकेचा उतारा अथवा गिऱ्हाइकाची पावती. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील शाखेचा २०१८ साली उघड झालेला हजारो कोटींचा घोटाळा एका साध्या फटीतून झाला : परदेशी संदेश पाठविणारी यंत्रणा व बँकेचे मुख्य दप्तर एकमेकांशी जोडलेले नव्हते, आणि दोन्ही समोरासमोर ठेवून कोणी पाहत नव्हते.

देखभाल

येथे थोडक्यात सांगतो. रोबोट बटण ओळखतो ते नावावरून किंवा जागेवरून. पोर्टलने पान बदलले, टॅलीची नवी आवृत्ती आली, बँकेने उताऱ्यात एक रकाना वाढविला, की त्याची नजर चुकते. रकाना सरकल्यामुळे रकमेच्या जागी शिल्लक वाचली जाणे ही न थांबणारी चूक आहे, आणि रुपयांची बेरीज रोज पाहणाऱ्याला ती पहिल्या रात्रीच सापडते. पासवर्डची मुदत संपते, डिजिटल सहीची मुदत संपते, डिस्क भरते. या तारखा दुकानातील कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. ई-वे बिलासाठी १ एप्रिल २०२५ पासून सर्वांनाच पासवर्डबरोबर ओटीपी लागू झाला. अशा बदलाची खबर आधी ठेवणारा माणूस दुकानात असला पाहिजे.

दुरुस्ती केल्यावर रोबोट थेट खऱ्या हिशेबावर सोडू नये. टॅलीत नकली कंपनी उघडून मागील आठवड्याचा उतारा तिच्यावर चालवावा व बेरीज ताडावी. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी नवी आज्ञावली लावली. आठ संगणकांपैकी सातांवर ती लागली, आठवा राहून गेला, आणि त्यावर वर्षानुवर्षे पडून असलेली जुनी आज्ञावली जागी झाली. पाऊण तासात कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. बाजार उघडण्यापूर्वी यंत्राने आपणहून ९७ ई-मेल पाठविले होते. ते कोणी वाचले नाहीत. आपल्या दुकानातही रोबोटचा संदेश कोणाच्या मोबाईलवर येतो, आणि तो माणूस गावाला गेला तर कोणाच्या, हे आधी ठरवावे.

खर्चाविषयी दोन शब्द. लहान दुकानाला कॉकपिटसारखी मोठी व्यवस्था घेण्याची घाई नको. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२१ पासून विंडोज १० वापरणाऱ्यांना ‘पॉवर ऑटोमेट’चा संगणकावरील भाग विनामूल्य दिला आहे. फुकटच्या भागात वेळापत्रक लावता येत नाही, बटण माणसालाच दाबावे लागते. माझ्या मते सुरुवातीला हीच सोय बरी. मालकाने किंवा मुलाने समोर बसून बटण दाबावे, रोबोटचे काम डोळ्यांनी पाहावे, दोन-तीन महिन्यांत त्याच्या खोडी कळतात. त्यानंतर दुसरे-तिसरे काम लावावयाचे झाले, रात्री चालवावयाचे झाले, तर पैसे मोजून मोठी व्यवस्था घ्यावी.

आणि रोबोट बनवून देणाऱ्याला शेवटचा हप्ता देण्यापूर्वी चार वस्तू ताब्यात घ्याव्यात : रोबोटची मूळ फाईल, एका पानावर मराठीत वा उर्दूत लिहिलेले त्याचे काम, त्याला दिलेल्या सर्व नावांची व परवानग्यांची यादी, आणि तो बंद कसा करावा याची कृती. त्याच बैठकीत त्याच्या समोर सगळे पासवर्ड बदलून घ्यावेत.